पंधरा सेंटिमीटरचं स्पिटफायर

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक खोका आहे. खोक्यावर निळ्या आभाळात वळण घेणारं लढाऊ विमान रंगवलंय. उघडलात की आत राखाडी प्लास्टिकच्या दोन-तीन चौकटी निघतात. त्या चौकटींना चिकटलेले पंख, चाकं, पंखा, पायलटची खुर्ची, सगळं सुटं सुटं. एक घडीचा कागद, त्यावर आकडे आणि बाण. विमान आहे स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. स्केल १:७२. म्हणजे खऱ्या विमानातले ७२ सेंटिमीटर इथे एका सेंटिमीटरमध्ये बसवलेत. खरे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटरच्या थोडे वर, तुमच्या टेबलावर ते साडेपंधरा सेंटिमीटर.

मी गेल्या सुट्टीत हे मॉडेल पहिल्यांदा केलं आणि माती खाल्ली. कॉकपिटची काच सुपरग्लूने चिकटवली, तर ती आतून धुरकट झाली. पंखांखाली दोन खोके लावायचे होते, ते डावं-उजवं उलटं लावलं. मला वाटलं, दोन्ही सारखेच असणार. पण नाही. पहिल्या मार्कच्या स्पिटफायरच्या उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर आहे आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी बारीक नळकांडी. इतक्या देखण्या विमानाची पोटाची बाजू अशी बेजोड का, हे शोधताना मी त्या विमानापेक्षा ते बनवणाऱ्या माणसात जास्त अडकले. त्याचं नाव माझ्या खोक्यावर कुठेच नव्हतं.

त्याचं नाव रेजिनाल्ड जोसेफ मिचेल. ऑफिसात सगळे त्याला आर. जे. म्हणायचे. (नाही, रेडिओवाला आरजे नाही!) तुम्ही कॉलेजात असाल, डिग्रीचं काय होणार या टेन्शनमध्ये असाल, एखादा प्रोजेक्ट नुकताच आपटला असेल, तर या माणसाची गोष्ट तुमच्यासाठी आहे.

चहा, लेथ आणि नाइट स्कूल

मिचेलचा जन्म २० मे १८९५ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातला. पाच भावंडांत तो दुसरा. वडील आधी शाळेत हेडमास्तर होते, पुढे छापखान्याच्या धंद्यात शिरले. राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवलं तेव्हा मिचेल आठ वर्षांचा होता. पुढच्या काही वर्षांत विमान हे जगातलं सगळ्यात भारी प्रकरण झालं आणि मिचेलच्या घरी पोरांनी स्वतः मॉडेल विमानं बनवून उडवायला सुरुवात केली. तेव्हा किट वगैरे काही नव्हतं. हाताने बनवायचं, उडवायचं, पडलं की पुन्हा बनवायचं.

सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि तो कॉलेजात गेला नाही. १९११ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. ग्रीसने माखलेले कपडे, पहाटे उठणं आणि शिकाऊ पोरांच्या वाट्याला येणारं चहाचं काम. त्याचा एक किस्सा सांगतात. त्याने केलेल्या चहाला फोरमनने एकदा लघवीसारखा चहा म्हणून नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी मिचेलने चहासाठी खरंच तेच वापरलं, आणि फोरमनने चहाची तारीफ केली! आज अप्रेंटिसशिप करणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये, पण त्याचा स्वभाव कळतो. बाहेरून लाजाळू, आतून हट्टी.

दिवसा कारखाना आणि संध्याकाळी नाइट स्कूल, असं त्याचं चालू होतं. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, गणित, मेकॅनिक्स. घरी त्याने स्वतःचा लेथ बसवला होता, कारखान्यात पाहिलेलं रात्री हाताने करून बघायला. पुढे जगातलं सगळ्यात वेगवान विमान आखणाऱ्या या माणसाकडे विद्यापीठाची इंजिनिअरिंगची डिग्री कधीच नव्हती. याचा अर्थ डिग्री सोडा असा नाही. शिकणं त्याने एक दिवसही सोडलं नव्हतं, एवढाच आहे.

१९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, त्याने साउथॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत अर्ज केला. ही कंपनी पाण्यावर उतरणारी विमानं बनवायची. इंटरव्ह्यू झाला, नोकरी मिळाली आणि पठ्ठ्या घरी परत गेलाच नाही, सामान मागवून घेतलं असं सांगतात. १९१८ मध्ये त्याने फ्लॉरेन्स डेसनशी लग्न केलं. ती लहान मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. १९१९ मध्ये तो चीफ डिझायनर झाला आणि पुढच्याच वर्षी चीफ इंजिनिअर. वय पंचवीस.

पाण्यावरच्या शर्यती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्नायडर ट्रॉफी नावाची एक शर्यत होती. पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची. आज फॉर्म्युला वनला जशी गर्दी होते तशी तेव्हा या शर्यतीला समुद्रकिनाऱ्यावर व्हायची. नियम असा, की पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाला ट्रॉफी कायमची मिळणार. १९२० आणि १९२१ मध्ये इटली जिंकलं. १९२२ मध्ये नेपल्सला तिसऱ्यांदा जिंकलं असतं तर विषय संपला असता. पण तिथे मिचेलच्या सी लायन २ या विमानाने बाजी मारली आणि शर्यत चालू राहिली.

मग आलं एस.४. पंखांना बाहेरून एकही तार किंवा दांडी नाही, सगळं गुळगुळीत. दिसायला काळाच्या पुढे. १९२५ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला शर्यतीच्या आधीच ते पाण्यात कोसळलं. वैमानिक हेन्री बियार्ड वाचला. मिचेलने धडा घेतला. पुढच्या एस.५ मध्ये त्याने पंखांना तारांचा आधार परत आणला. जे पुढे नेलं होतं तेच मागे घ्यायला त्याला लाज वाटली नाही. ते एस.५ १९२७ मध्ये व्हेनिसला जिंकलं.

पण वेगाची किंमत माणसं मोजत होती. १९२८ मध्ये एस.५ घेऊन वेगाचा विक्रम करायला निघालेला वैमानिक किंकेड विमानासकट समुद्रात गेला. आपण कागदावर काढलेल्या रेषेवर कुणाचा तरी जीव बसलेला असतो, हे मिचेल विसरत नसे. चाचणीचं विमान वर गेलं की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची.

१९२९ ला एस.६ जिंकलं. १९३१ च्या वेळी मात्र मंदी होती आणि सरकारने पैसे द्यायला नकार दिला. लेडी ह्यूस्टन नावाच्या श्रीमंत बाईंनी एक लाख पौंड दिले म्हणून ब्रिटनला उतरता आलं. इटली आणि फ्रान्स वेळेत तयार होऊ शकले नाहीत, त्यामुळे शेवटची शर्यत एकट्यानेच जिंकली. ट्रॉफी कायमची ब्रिटनकडे आली. त्याच महिन्यात एस.६बी ने ताशी ४०७ मैल, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. मिचेल तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

आपटलेला प्रोजेक्ट

आता गोष्टीतला खरा भाग.

हवाई मंत्रालयाला नवं लढाऊ विमान हवं होतं. जगातलं सगळ्यात वेगवान विमान बनवणाऱ्या माणसाने ते बनवावं, हे तर ओघानेच आलं. मिचेलने टाइप २२४ बनवलं. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते उडालं, आणि फसलं. पंख मधेच वाकवलेले आणि जाडजूड. चाकं आत न जाणारी, वर बूट घातल्यासारखी झाकणं. इंजिन थंड करायला पाण्याची वाफ करून ती पंखांत परत थंड करायची, अशी किचकट पद्धत. ती नीट चालेना, इंजिन तापायचं. वेग किती? ताशी २२८ मैल. ज्याच्या विमानाने ४०७ मैल गाठले होते, त्याचंच हे. ऑर्डर गेली ग्लॉस्टर कंपनीच्या जुन्या धाटणीच्या, दोन मजली पंखांच्या ग्लॅडिएटर विमानाला.

मजा म्हणजे स्पिटफायर हे नाव पहिल्यांदा या पडेल विमानालाच चिकटलं होतं. कंपनीचे बडे साहेब सर रॉबर्ट मॅक्लीन त्यांच्या मुलीला लाडाने तसं म्हणायचे. आपण लवंगी मिरची म्हणतो ना, तसंच. मिचेलला ते नाव फारसं आवडलं नव्हतं म्हणतात.

तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक जण आपल्या प्रोजेक्टची वकिली करतात. निकष चुकीचे होते, इंजिन वाईट होतं, वेळ कमी दिला. मिचेलने वकिली केली नाही. पहिल्या उड्डाणाच्याही आधी त्याला हे विमान मनापासून पटत नव्हतं. त्याने टीमला घेऊन पंख पातळ केले, चाकं आत घेतली, कॉकपिट झाकलं. ते प्रस्तावही मंत्रालयाला पसंत पडले नाहीत, तेव्हा पुन्हा नवं ड्रॉइंग. शेवटी रोल्स-रॉइसचं नवं इंजिन आलं, तेच पुढे मर्लिन म्हणून गाजलं. १९३५ च्या सुरुवातीला एका नमुना विमानासाठी १०,००० पौंड मंजूर झाले.

जे कुणाला सांगितलं नाही

यातलं बरंचसं घडत असताना त्याच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट चालू होती. ऑगस्ट १९३३ मध्ये, म्हणजे टाइप २२४ उडण्याच्याही आधी, त्याला आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर आयुष्यभरासाठी पोटाला पिशवी लावावी लागली. वय अडतीस, घरात बारा वर्षांचा मुलगा.

आजार उलटू शकतो हे त्याला माहीत होतं. तो कामावर परत आला. ऑफिसातल्या बहुतेकांना नेमकं काय झालंय याचा पत्ता नव्हता. आणि त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मला फार आवडली. तो विमान चालवायला शिकला. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी विमानं आखली होती. १९३४ मध्ये, ऑपरेशननंतर वर्षभराच्या आत, त्याने वैमानिकाचं लायसन्स मिळवलं.

ऑफिसात त्याची एक पद्धत होती. ड्रॉइंग बोर्डसमोर येऊन बसायचा, डोकं हातात धरून रेषांकडे बघत राहायचा. मग आजूबाजूच्यांना बोलवायचा, वाद घालू द्यायचा, सगळ्यांचं ऐकून उठून जायचा. डोकं चालू असताना कुणी मधे आलं तर खैर नसे, पण ऐकायचा सगळ्यांचं.

पंख हातात घेऊन बघा

आता किटमधला पंख उचला. पानासारखा आकार. स्पिटफायर ओळखायची ती खूण. हा आकार देखणेपणासाठी काढलेला नाही. लढाऊ विमानाचा पंख पातळ हवा, नाहीतर वेग मिळत नाही. पण त्याच पंखात आठ मशीनगन आणि आत जाणारी चाकंही बसवायची होती. पंख पानासारखा लंबगोल केला की टोकाकडे बरंच अंतर रुंदी टिकते, त्यामुळे पातळ असूनही आत जागा मिळते. शिवाय असा पंख हवेला कमी अडवतो. यामागचं हवेचं गणित मुख्यतः बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनडाच्या तरुण इंजिनिअरचं. मिचेलला आकाराशी देणंघेणं नव्हतं, तोफा बसतात का याच्याशी होतं.

पंख डोळ्यांच्या रेषेत धरा. चांगल्या किटमध्ये तो मुळापासून टोकापर्यंत किंचित पिळलेला दिसेल. खऱ्या विमानात हा पीळ साधारण अडीच अंशांचा आहे. वैमानिकाने फार आवळून वळण घेतलं तर पंखाच्या मुळाशी हवेची पकड आधी सुटते, विमान थरथरून इशारा देतं आणि टोकं तोवर ताब्यात असतात. नवख्या पायलटलाही सावरायला वेळ मिळतो. किंकेडला आणि बियार्डला ज्याने पाहिलं होतं, त्याच्या टीमचं हे काम.

पंखाखालचा माझा तो चुकलेला रेडिएटरही साधा खोका नाही. समोरून थंड हवा आत येते, इंजिनच्या उष्णतेने फुगते आणि मागून जोरात बाहेर पडते. त्यामुळे रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघतो. ही कल्पना सरकारी संशोधन केंद्रातल्या मेरेडिथ या शास्त्रज्ञाची. वाफेच्या जुन्या पद्धतीचा नाद मिचेलने सोडून दिला होता.

आणि रिव्हेट्स. मॉडेलच्या अंगावर बारीक ठिपके दिसतील ते. पत्र्यात सपाट बसवलेले रिव्हेट हवेला अडवत नाहीत, पण बसवायला वेळ आणि पैसा खातात. मग सगळीकडे ते हवेतच का? हे तपासायला कंपनीने काय करावं? सपाट रिव्हेट्सवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे गोंदाने चिकटवले! विमान उडवायचं, वेग मोजायचा, मग एकेका भागावरचे दाणे काढत जायचे. कुठे गोल डोक्याचे स्वस्त रिव्हेट चालतील ते असं ठरलं.

आठ मिनिटं

५ मार्च १९३६. साउथॅम्प्टनजवळचं ईस्टलीचं मैदान. के५०५४ नंबरचं नमुना विमान घेऊन मट समर्स वर गेला. चाकं त्या दिवशी मुद्दाम आत घेतली नव्हती. आठेक मिनिटांनी तो खाली आला. मिचेल तिथेच उभा होता.

पिक्चर असता तर इथे म्युझिक वाजलं असतं. प्रत्यक्षात पुढचे काही आठवडे डोकेदुखीचे गेले. वेग ताशी ३३५ मैलांवर अडकला. दुसऱ्या कंपनीचं हरिकेन विमान जवळपास तेवढंच धावत होतं आणि बनवायला सोपं होतं. मग स्पिटफायर घ्यायचं कशाला? नवा प्रोपेलर लावल्यावर वेग ३४८ वर गेला. ३ जून १९३६ ला सरकारने ३१० विमानांची ऑर्डर दिली.

त्याच वर्षी आजार उलटला. १९३७ च्या सुरुवातीला त्याने काम थांबवलं. तरी अधूनमधून गाडी घेऊन मैदानावर यायचा आणि आपलं विमान उडताना बघत बसायचा. एप्रिलमध्ये उपचारांसाठी त्याला व्हिएन्नाला नेलं, उपयोग झाला नाही. ११ जून १९३७ ला तो साउथॅम्प्टनच्या घरी गेला. बेचाळीस वर्षं. मुलगा गॉर्डन सोळा वर्षांचा होता.

त्या दिवशी अख्ख्या जगात स्पिटफायर एकच होतं.

त्याच्यानंतर

कारखान्यातून पहिलं स्पिटफायर उडायला मे १९३८ उजाडला. लंबगोल पंख बनवणं कामगारांना जड जात होतं, ऑर्डर रखडत होत्या. जोसेफ स्मिथ या त्याच्या सहकाऱ्याने सूत्रं हातात घेतली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी ते पहिलं के५०५४ उतरताना अपघातात मोडलं. त्याचा पायलट काही दिवसांनी गेला.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा हरिकेनच्या जोडीला स्पिटफायर आभाळात होतं. संख्येने हरिकेन जास्त होती, हेही सांगायला हवं, कारण नाव मात्र स्पिटफायरचंच झालं. सप्टेंबरमध्ये साउथॅम्प्टनच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. मग बसचे डेपो, लाँड्र्या, गॅरेजं, जिथे जागा मिळेल तिथे सुटे भाग बनू लागले. स्मिथच्या टीमने त्याच आराखड्यात मोठी इंजिनं, नवे पंख, नव्या तोफा बसवल्या. १९४८ पर्यंत २० हजारांहून जास्त स्पिटफायर बनली. मिचेलने पाहिलं होतं एक.

आपला संबंध? आहे. ज्या साम्राज्यासाठी हे विमान लढलं, त्याच साम्राज्याविरुद्ध आपल्याकडे १९४२ चं आंदोलन चालू होतं. आणि त्याच काळात भारतीय वैमानिकही युद्धात होते. भारतीय हवाई दलाच्या आठ नंबरच्या स्क्वॉड्रनने बर्माच्या आघाडीवर स्पिटफायर उडवलं. स्वातंत्र्यानंतर १९४७ मध्ये काश्मीरमध्ये आपल्या हवाई दलाने तीच विमानं वापरली. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उभं आहे. पंखांचा पीळ तिथे खऱ्या मापात बघता येईल.

करून बघायचं असेल तर

मी दुसरं किट आणलंय. या वेळी काच पांढऱ्या पाण्याच्या गोंदाने लावली. पंख जोडायला प्लास्टिक सिमेंट वापरलं. ते प्लास्टिक जरासं वितळवून दोन भाग एकजीव करतं, म्हणून थेंबभरच पुरतं. भाग चौकटीतून पिळून तोडू नका, कटरने कापा आणि टोक बारीक सँडपेपरने घासा. कॉकपिटचा आतला रंग राखाडी-हिरवा, वरून माती आणि गडद हिरवा, पोट फिकट आभाळी. डिकल कोमट पाण्यात भिजवून सरकवायचे, ओढायचे नाहीत. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात, विचारून बघा.

आणि रेडिएटर उजव्या पंखाखाली.

पहिलं बिघडलेलं मॉडेल मी टाकलेलं नाही. शेल्फवर दोन्ही शेजारी ठेवणार आहे, धुरकट काचेचं आणि हे. कुणी विचारलं, हे वाकडं कशाला ठेवलंस, तर मी टाइप २२४ पासून सांगायला सुरुवात करणार.